बोअरमधून ३१० फूट काळा दगड निघाला. आपल्या पुण्याखाली नक्की आहे तरी काय?

तिसरा मजला

गेल्या आठवड्यात बावधनच्या आमच्या सोसायटीत बोअर घेतली. सकाळी साडेसातला गाडी लागली आणि संध्याकाळी दिवे लागेपर्यंत मी तिथून हलले नाही. बाकीचे 'पाणी लागलं का' एवढंच विचारून जात होते. मी मात्र दर दहा फुटांनी वर येणारा चुरा मूठभर घेऊन पिशवीत भरत होते आणि पिशवीवर मार्करने फूट लिहीत होते. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आपण सोळा वर्षं ज्या जागेवर राहतोय तिच्या पोटात काय आहे, हे बघायची संधी पुन्हा मिळणार नाही, एवढंच वाटलं.

सुरुवातीला १२ फूट मुरूम. मग ७० फुटांपर्यंत काळाभोर कठीण दगड, हातोडा नुसता खणखणत होता. ६८ च्या सुमाराला चुरा ओलसर यायला लागला, आम्ही सगळे पुढे सरसावलो. पण ७० ला एकदम लाल! विटेचा चुरा असावा तसा, साधारण चार फूट. त्यानंतर १०० पर्यंत मऊसर दगड, त्यात तांदळाच्या कण्या मिसळल्यासारखे पांढरे ठिपके. मग २१० पर्यंत परत काळा, २४० पर्यंत परत ठिपके (या वेळी हिरवट झाक), आणि ३१० पर्यंत काळाच. तिथे आम्ही थांबवलं. पाणी म्हणाल तर बादलीभर.

गाडीवाले मामा म्हणतात, "ताई, अजून दोनशे फूट जाऊ, पाषाण फुटला की पाणीच पाणी." सासरे म्हणतात, पाताळापर्यंत हेच आहे, पैसे घालू नका. सातवीतली लेक म्हणते, खाली गेलं की लाव्हा लागतो. तर माझे तीन प्रश्न. हे थर असे आलटून पालटून का? हा काळा दगड किती खोल आहे आणि तो संपल्यावर काय? आणि तिसरा, जो सोसायटीच्या सभेत रविवारी येणार आहे: अजून खाली जावं का?

कोरडी विहीर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या सोसायटीने दिलंय. आम्ही ५५० गेलो. माझं सदस्यनाव वाचा.

भूगोलबाई

तिसरा मजला, आधी तुम्हाला शाबासकी. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण मुलांना दाखवायला असा पिशव्यांचा संच माझ्याकडे कधी नव्हता. त्या फेकू नका.

लेकीला सांगा, लाव्हा लागत नाही. हा समज मी वर्गात दरवर्षी खोडत आले. आपण पातळ साय धरलेल्या उकळत्या दुधावर उभे आहोत असं मुलांना वाटतं. तसं नाही. कवचाखाली जे प्रावरण आहे ते जवळजवळ सगळं घन खडकाचं आहे. वितळलेला शिलारस ठिकठिकाणी, थोडा थोडा, परिस्थिती जुळली तरच तयार होतो. थरांबद्दल मात्र जाणकार बोलू देत.

कातळवाट

मी भूजलाच्या कामात आहे, अशा पिशव्या बघण्यातच दिवस जातो. ताईंनी नोंद इतकी नेटकी ठेवली आहे की जागेवर न जाता बरंच सांगता येतं.

तुम्ही तीन लाव्हाप्रवाहांमधून गेलात. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर येऊन पसरला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक प्रवाह यायचा, थंड व्हायचा, मग त्यावर दुसरा. या उद्रेकांचा मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आतबाहेर उरकला. आज उरलेलं क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात येतो, शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगण यांचे भाग. दगडाचं नाव बेसाल्ट. या सगळ्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. घाटातून जाताना डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो ना, तेच.

आता तुमच्या पिशव्या. प्रत्येक प्रवाहाचे ढोबळ मानाने दोन भाग धरा. लाव्ह्यात वायू विरघळलेले असतात. ते बुडबुडे होऊन वर चढतात आणि वरचा भाग गोठताना त्यातच अडकतात. म्हणून प्रवाहाचा माथा सच्छिद्र, इडलीसारखा, आणि मधला भाग घट्ट, खणखणीत. नंतर लाखो वर्षं त्या छिद्रांतून कोमट-गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यातले क्षार छिद्रांत साठले. त्या तुमच्या तांदळाच्या कण्या. बहुतेक झिओलाइट, काही ठिकाणी कॅल्साइट, कधी गारगोटी. हिरवट झाक असते ती हिरव्या चिकणखनिजांची.

आणि लाल थर! माझा सगळ्यात आवडता. एक प्रवाह थंड झाल्यावर पुढचा लगेच आला नाही. मधल्या काळात उघड्या पडलेल्या माथ्यावर ऊन-पाऊस झाला, दगड कुजून माती झाली. मग पुढचा तापलेला लाव्हा तिच्यावर पसरला. भट्टीत वीट लाल होते तसं. ही माती म्हणजे त्या काळातलं अंगण आहे, ताई. ७० फुटांवर तुम्ही एका जुन्या जमिनीतून गेलात. २१० ला लाल नाही, ठिपक्यांचा भाग थेट लागला, म्हणजे तिथे विश्रांती कमी मिळाली असावी, किंवा माती होती ती वाहून गेली.

तिसऱ्या प्रश्नावर बोलण्याआधी मला एक सांगा. केसिंग पाइप, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून आत उतरवतात तो, किती फुटांपर्यंत टाकला?

पेठेतला जुना

वाचून आनंद झाला. मात्र आम्हाला लहानपणी सांगितलं होतं की सिंहगड, तोरणा, पर्वती हे सगळे थंड झालेले ज्वालामुखी आहेत. सिंहगडाचा आकार बघा, खालून निमुळता होत गेलेला, वर सपाट तोंड. तिथूनच हे सगळं बाहेर आलं असणार की. भेगा वगैरे कुठे दिसत नाहीत.

टेकडीकर

काका, हा समज फार जणांचा आहे, माझाही होता. वेताळ टेकडीवर रोज जातो म्हणून सांगतो, पुढच्या वेळी सिंहगडावर चढताना समोरच्या डोंगरांच्या कड्यांवर नजर ठेवा. आडव्या रेषा दिसतील. ज्या उंचीवर इथे रेष, जवळजवळ त्याच उंचीवर पलीकडच्या डोंगरावर रेष. डोंगर जर ज्वालामुखी असता तर थर माथ्यापासून चहूबाजूंना उतरते असते. इथे ते सपाट आहेत, म्हणजे पूर्वी हे सगळं एकसंध पठार होतं. मधलं नद्यांनी नेलं, उरले ते डोंगर. सिंहगड बांधला गेला नाही, तो उरला. पर्वतीही उरलेलीच. पुणे ५६० मीटरवर आणि सिंहगड १३०० च्या आसपास. मधला फरक आहे तो मुठेने आणि तिच्या भावंडांनी उचलून नेलेला दगड.

भेगाही दिसतात. त्यांत लाव्हा गोठून उभ्या भिंती तयार झाल्या, त्यांना डाईक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे शेकड्यांनी आहेत, मैलोन्मैल सरळ गेलेल्या.

पेठेतला जुना

नदीने एवढं नेलं? मुठेकडे आज बघून विश्वास बसत नाही.

टेकडीकर

साडेसहा कोटी वर्षं मिळाली तिला, काका.

निळा खडा

झिओलाइटचा विषय निघाला म्हणून लिहितोय. माझे वडील वाघोलीच्या दगडखाणीत कामाला होते. सुरुंग उडाला की मोठ्या दगडात कधी कधी पोकळी निघायची, आम्ही तिला 'घर' म्हणायचो. आत पांढरे पंखे, गुलाबीसर पापुद्रे, काचेसारखे चौकोनी खडे. खाणीच्या हिशोबात तो टाकाऊ माल, कारण खडीला उपयोग नाही. वडील दुपारच्या डब्यात गुंडाळून घरी आणायचे. एकदा त्यांनी आणलेल्या तुकड्यावर निळ्या रंगाचे गोळे होते. निळा म्हणजे मोरपंखी निळा, पांढऱ्यावर बसलेला. आईने तो देव्हाऱ्यात ठेवला.

पुढे कळलं की तो कॅव्हन्साइट, आणि वाघोलीच्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांवरून नाव पडलंय. जगात हे खनिज मोजक्याच ठिकाणी सापडतं आणि त्यात आपलं वाघोली पहिल्या मानाचं. वडील गेले तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. तो खडा अजून देव्हाऱ्यातच आहे. ज्यांना असे खडे बघायचे असतील त्यांनी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय जरूर बघावं.

ताई, तुमच्या ७४ ते १०० फुटांच्या पिशव्या गाळणीत पाण्याने धुवा. चुऱ्यात अखंड खडा मिळणं अवघड, पण पंख्याचे तुकडे चमकतील.

मेट्रोने येजा

निळा खडा, _/\_

एक शंका. जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, म्हणजे शंभर फुटांहून जास्त. शिवाजीनगर ते स्वारगेट बोगदा याच बेसाल्टमधून पोखरला. पोखरणाऱ्या यंत्रांची नावं मुठा, मुळा आणि पवना होती. म्हणजे मुठा वरूनही कापतेय आणि खालूनही :)

शंका अशी, की ३३ मीटर खोदायला एवढा खटाटोप, तर हजारो किलोमीटर खाली काय आहे हे कुणी बघितलं? पुस्तकात तर रंगीत कलिंगड कापल्यासारखं चित्र असतं.

सातारी कंदी

बघितलं थोडंफार, आणि आमच्याच बाजूला.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. माझी आई पाटण तालुक्यातली, तेव्हा नऊ वर्षांची. ती सांगते, आधी आवाज आला. खालून, जमिनीच्या आतून, दगडी जातं कुणीतरी फार मोठं फिरवावं तसा. मग भिंत अंगणात गेली. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, १८० च्या आसपास माणसं गेली. तीव्रता ६.३. पुण्यातही लोक घराबाहेर धावले होते. तोपर्यंत दख्खन म्हणजे अचल जमीन असं मानलं जायचं. धरणात पाणी साठवल्यानंतर तिथे धक्के वाढले होते. जलाशयामुळे चाळवल्या जाणाऱ्या भूकंपांचं जगात सगळ्यात जास्त अभ्यासलेलं ठिकाण आज कोयनाच आहे.

तर तिथे शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल बोअर घेतली. कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या बोअरमध्ये आहे: सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस. जुना, अतिप्राचीन, शंभर-दोनशे कोटी वर्षांहूनही म्हातारा खडक. लाव्हा आला तेव्हा जी जमीन होती ती ही.

शेंगदाणा चटणी

किल्लारीही आठवतं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाहून येऊन लोक गाढ झोपलेले. पहाटे ३:५६. मी सोलापूरला होतो, दारं आपोआप वाजत होती. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं धाबं, त्याखाली घरंच्या घरं दबली. तिथे तर कोयनेसारखं मोठं धरणही नव्हतं. पुण्यातल्या लोकांनी आपला दगड पक्का आहे म्हणून निर्धास्त राहू नये. बांधकाम नियमाप्रमाणे झालंय का हे घर घेताना जरूर विचारा.

तिसरा मजला

सातारी कंदी, तुमच्या आईंचं वाचून काटा आला. जात्यासारखा आवाज, हे विसरणार नाही.

कातळवाट दादा, केसिंग ८० फूट टाकलं. मामा म्हणाले, लाल माती ढासळतेय, बोअर बुजेल, म्हणून त्याच्या खालपर्यंत नेलं.

भूगोलबाई, मेट्रोवाल्यांचा प्रश्न माझाही. ग्रॅनाइटच्या खाली काय, आणि ते कळलं कसं?

भूगोलबाई

हा प्रश्न विचारलात, आता मी आवरत नाही.

माणसाने सगळ्यात खोल भोक पाडलं ते रशियात कोला इथे. १९७० ला सुरू केलं, १९८९ मध्ये १२,२६२ मीटरवर पोचले. तळाशी १८० अंश तापमान, दगड नरम पडून भोक मिटायला लागलं. थांबावं लागलं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. म्हणजे आपण सव्वाबारा गेलो. आंब्याची सालही ओलांडली नाही.

मग कळलं कसं? दोन वाटांनी. पहिली वजनाची. १७९८ मध्ये कॅव्हेंडिश यांनी घरात बसून पृथ्वीची घनता काढली, शिशाचे गोळे टांगून. पाण्याच्या साधारण साडेपाच पट. आता तुमचा काळा दगड पाण्याच्या फक्त २.९ पट. ग्रॅनाइट त्याहून हलका. वरचं सगळं हलकं आणि सरासरी साडेपाच, तर आत काहीतरी फार जड असलंच पाहिजे. ते लोखंड, सोबत थोडं निकेल. आमच्या वेळच्या पुस्तकांत पृथ्वीच्या थरांची सियाल, सायमा, निफे अशी नावं पाठ करून घ्यायचे. निफे म्हणजे निकेल आणि फेरम.

दुसरी वाट आवाजाची, आणि तिची सुरुवात आपल्या देशात झाली हे मुलांना सांगताना मला नेहमी भरून येतं. १२ जून १८९७ ला आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात तेव्हा रिचर्ड ओल्डहॅम नावाचे अधिकारी होते. दूरदूरच्या भूकंपमापकांच्या नोंदी तपासताना त्यांच्या ध्यानात आलं की धक्का एकच, पण लहरी वेगवेगळ्या वेळी पोचतात. आधी प्राथमिक, ढकलत जाणाऱ्या. मागून दुय्यम, आडव्या हलणाऱ्या. १९०६ मध्ये त्यांनी दाखवलं की पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या लहरींना उशीर होतो, म्हणजे आत वेगळ्या पदार्थाचा गाभा आहे. १९०९ मध्ये मोहोरोविचिक यांना कवचाचा तळ सापडला. दुय्यम लहरी द्रवातून जातच नाहीत, आणि गाभ्याच्या पलीकडे त्या पोचत नव्हत्या, त्यावरून बाहेरचा गाभा द्रव आहे हे कळलं. आणि १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमन या बाईंनी, पोचायला नको तिथे पोचलेल्या बारीकशा लहरींवरून, द्रवाच्या आत आणखी एक घन गोळा आहे हे ओळखलं.

कलिंगड पिकलंय का ते आपण बोटाने वाजवून बघतो ना? पृथ्वी भूकंपाने वाजते आणि आपण कान लावून बसतो.

तर उतरंड अशी. आपल्याखाली कवच ३५ ते ४० किलोमीटर (समुद्राखाली जेमतेम ५ ते ८). मग २,८९० किलोमीटरपर्यंत प्रावरण. मग ५,१५० पर्यंत द्रव लोखंडाचा बाह्य गाभा, तो घुसळतो म्हणून पृथ्वीला चुंबकत्व. आणि मध्ये घन आंतरगाभा. तिथे उष्णता पाच हजार अंशांवर, पण दाब इतका की लोखंड वितळू शकत नाही.

मेट्रोने येजा

बाई, प्रावरण घन आहे म्हणालात, मग खंड सरकतात कसे? घन वस्तू वाहते?

भूगोलबाई

गुळाची ढेप बघितलीय? हातोडीने हाणली तर तुकडे होतात. तीच उन्हाळाभर कोठीत ठेवा, हळूच बसते, पसरते. घाईत घन, निवांतपणे वाहणारी. प्रावरणाला तर कोट्यवधी वर्षांचा निवांतपणा आहे. भूकंपाची लहर काही मिनिटांत जाते, तिला ते घन वाटतं.

कातळवाट

बाईंच्या ढेपेला जोडून. भारत आज वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर उत्तर-ईशान्येकडे जातोय, नखं वाढतात तितकं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो याच्या तिप्पट वेगाने चालला होता आणि आपला भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. प्रावरणातून वर येणाऱ्या तापलेल्या खडकाचा एक स्तंभ खाली होता. घन खडक वर येताना त्यावरचा दाब कमी होतो आणि तो अंशतः वितळतो. तो वितळलेला रस म्हणजे आपलं पुणे. जमीन पुढे सरकली, स्तंभ मागे राहिला. लक्षद्वीप-मालदीवची रांग त्याचीच खूण, आणि आज तो हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून पेटतो. ज्यांना 'आपल्याकडे पुन्हा लाव्हा येईल का' ही धास्ती असते त्यांना मी हेच सांगतो.

विहीरमित्र

शास्त्र मान्य. पण पाण्याचं काय? आमच्या मुळशीतल्या शेतावर पाणाड्याने तळहातावर नारळ धरला, उभा राहिला तिथे खोदलं आणि ४० फुटांवर दोन इंची पाणी. गावात त्याने दाखवलेल्या बाराएक विहिरी चालू आहेत. ताईंनी आधी त्याला बोलवायला हवं होतं.

कातळवाट

दादा, त्यांचा अनादर करणार नाही. असे काही जण जमिनीचा उतार, झाडोरा, ओढ्याची रेघ फार बारकाईने बघतात, स्वतःच्याही नकळत. पण मुळशीसारख्या पावसाच्या भागात सच्छिद्र थर वर असेल तर ४० फुटांत पाणी बऱ्याच जागी लागतं. नारळ न फिरलेल्या जागीही खोदून बघितलंय का कुणी? ते कोणी करत नाही, म्हणून नारळाचं श्रेय नारळाला जातं.

विहीरमित्र

ते बरोबर, न फिरलेल्या जागी खोदणार कोण. पण माझा विश्वास आहे आणि राहील.

पारनेरकर

विषय थोडा भरकटवतो. दगड आणि पाणी बघायचं तर निघोजला या. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे! नदीतले गोटे भोवऱ्यात फिरून फिरून त्यांनी बेसाल्टमध्ये माणूस उभा राहील एवढे रांजण कोरलेत. आणि त्याच कुकडीच्या काठी, वर जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ, गाळात पांढऱ्या राखेचा थर आहे. तो इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा! इतक्या दुरून उडून आलेली राख. ती टोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची यावर संशोधकांत अजून वाद आहे. मी शेतकरी माणूस, पण पोरांना घेऊन जाऊन दाखवली.

जात्यावरची ओवी

लहानपणी आमच्या वाड्यात "टाकीऽऽ पाट्याला टाकीऽऽ" अशी हाळी यायची. पाथरवट बाई बसून पाट्याला टाकी लावायची, आजी तिला चहा द्यायची. ती दगडावर टिचकी मारून आवाज ऐकायची आणि म्हणायची, "ह्यो चांगला, ह्याच्या पोटात काय न्हाई." कातळवाट दादांचा घट्ट भाग आणि इडलीचा भाग वाचला आणि आज इतक्या वर्षांनी कळलं ती काय ऐकत होती.

जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराला गेलात तर भिंतीवर हात ठेवा. आठव्या शतकातल्या कारागिरांनी ते लेणं वरून खाली असं प्रवाहातच कोरलंय. रस्ता वर, देव खाली.

कोरडी विहीर

सगळं छान, पण रविवार जवळ आला. केसिंगचं काय झालं? मलाही माझ्या ५५० फुटांसाठी जाणून घ्यायचंय.

कातळवाट

हो, तिकडे येतो. पाण्याची दिशा समजून घ्या. वरचा घट्ट दगड पाणी धरत नाही, पण त्याला थंड होताना पडलेल्या उभ्या चिरा असतात. पाऊस मुरमातून त्या चिरांत आणि तिथून खाली उतरतो. लाल थर चिकण मातीचा, तो पाणी अडवतो. म्हणून पाणी त्याच्या माथ्यावर आडवं पसरतं. डोंगरात असे लाल पट्टे जिथे उघडे पडतात तिथे पावसाळ्यात झरे बघा. ताईंचा चुरा ६८ फुटांवर ओला झाला तो याचमुळे.

आणि मग तिथे ८० फुटांपर्यंत बंद पाइप उतरवला. तुमचं पाणी त्या पाइपाच्या बाहेर उभं आहे.

गाडीवाल्यांचा दोष नाही. लाल माती खरंच ढासळते, पाइप हवाच. पण ६० ते ८० च्या टप्प्यात तो छिद्रांचा हवा. वरचे वीसेक फूट मात्र बंदच ठेवा आणि भोवती सिमेंटचा गारा भरा, नाहीतर गटाराचं पाणी उतरेल.

अजून दोनशे फूट? माझं मत, नको. खोल जाल तसा दगडावर भार वाढतो, चिरा मिटत जातात. ५०० फुटांवर कधी पाणी लागतंही, पण ते जुनं साठलेलं, दोन उन्हाळ्यांत संपतं आणि शेजाऱ्यांचंही घेऊन जातं. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' ठरवलं आहे ते उगाच नाही. तुम्ही ९४ मीटरवर आहातच. त्याऐवजी गच्चीचं पाणी गाळून याच बोअरमध्ये सोडा.

तिसरा मजला

उशिरा लिहितेय, तीन आठवडे झाले. रविवारच्या सभेत कातळवाट दादांचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला. सासरे म्हणाले, "मी तेच म्हणत होतो." मामांनी कुरकुर न करता पाइप वर काढला आणि छिद्रांचा उतरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीला डबा बांधून सोडला तर ६९ फुटांवर पाणी. मोटर दिवसाला सव्वा तास चालते, मग विश्रांती द्यावी लागते. झाडं आणि गाड्या धुण्याचा टँकर बंद झाला. गच्चीचं काम पावसाआधी होईल.

निळा खडा, ९० फुटांची पिशवी गाळली. नखाएवढा पंखा मिळाला, पांढरा, रेशमासारखा. निळं काही नाही, पण आम्ही तोही देव्हाऱ्यात ठेवला.

आणि लेकीने काय केलंय बघा. प्रत्येक पिशवीतला चुरा औषधांच्या छोट्या बाटल्यांत भरला आणि जिन्याच्या मधल्या पोकळीत आमच्या मजल्यावरून खाली दोरी सोडून क्रमाने बांधला. दहा फुटांना एक फूट. लाल बाटल्या तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये येतात, शेवटची पार्किंगच्या फरशीवर टेकते. येणारा जाणारा थांबतो.

भूगोलबाई

मला ती दोरी बघायला यायचंय. पत्ता खाजगीत कळवा. आणि तिला म्हणावं, याच मापाने दोरी लांबव. कोयनेइतका बेसाल्ट धरला तर सव्वाशे मीटर. कवच संपायला दोरी साडेतीन-चार किलोमीटर, म्हणजे बावधनहून कोथरूड डेपोच्या आसपास. तीच नागपूरच्या दिशेने सरळ ओढत गेलं तर प्रावरण जालन्याच्या जरा पुढे संपेल. मग यवतमाळ ओलांडेपर्यंत द्रव लोखंड. आणि पृथ्वीचा मध्य ६३७ किलोमीटरवर, नागपूरच्या किंचित पुढे.

तिसरा मजला

बाई, जरूर या, चहाला थांबायचं या बोलीवर.

तिने तुमचा हिशोब वाचला आणि लगेच नागपूरला आत्याला फोन लावला, की आत्या, पृथ्वीचा मध्य तुझ्या घराजवळ आहे. आत्या म्हणाली, "अगं, झिरो माइलचा खांब आमच्याकडेच आहे, आम्हाला ते आधीपासून माहीत होतं."